कमाटीबागेच्या दारात गेलेले ३९,०४९ रुपये

एकोणचाळीस हजार एकोणपन्नास. आकडा पूर्ण लिहिते आहे, कारण 'चाळीसेक हजार गेले' म्हटलं की ऐकणारा हळहळतो आणि विसरतो. यातला प्रत्येक रुपया मी स्वतः, माझ्या अंगठ्याने, माझ्या फोनवरून भामट्यांना पाठवला. हे लिहायला मला तीन महिने लागले. घरात अजून दोन माणसांना हे माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बडोद्याला गेलो होतो. दांडिया बाजारात माझी मावशी राहते, लग्नानंतर पहिल्यांदाच निवांत चार दिवस मिळाले होते. आम्ही पाच जण: मी, हे, सासूबाई, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. आम्ही नाशिक जिल्ह्यातले. सयाजीराव महाराज आमच्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली शेतकऱ्याच्या घरातला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा झाला, ही गोष्ट मी शिकवणीच्या मुलांना दरवर्षी सांगते. त्यामुळे महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी वसवलेली कमाटीबाग बघायची, म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी मुलांना दाखवायची, हे घरून निघतानाच ठरलं होतं. पुतळे, फुलांचं घड्याळ, तारांगण, प्राणिसंग्रहालय, सगळं एकाच आवारात. शंभर एकरांहून मोठी बाग आहे. आणि इथेच माझ्या डोक्यात चिंता शिरली, सासूबाईंच्या गुडघ्यांची.

त्या दिवशी शनिवार होता, महिन्यातला चौथा. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येतो.

काळ्या घोड्याच्या चौकात रिक्षातून उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सासूबाई एक हात माझ्या खांद्यावर टाकून चालत होत्या. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, पंचविशीतला एक मुलगा उभा होता. इस्त्रीचा आकाशी शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. तो आमच्याकडे आला नाही. मुलगी "आई, आजी दमली" म्हणाली, ते ऐकून तो जागेवरूनच बोलला, "काकू, आजींना आत चालवू नका हं, प्राणिसंग्रहालय नदीच्या पलीकडे आहे. पूल ओलांडावा लागतो."

मराठीत बोलला. आणि खरं तेच बोलला.

परगावात, गुजराती पाट्यांच्या गर्दीत, कुणी 'आजींना चालवू नका' म्हणतं तेव्हा माणूस सैल पडतो. बडोद्यात मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे त्यात संशय घेण्यासारखंही काही नव्हतं. कुठून आलात विचारलं, नाशिक म्हटल्यावर "म्हणजे महाराजांच्या गावाकडचे" म्हणाला. त्या एका वाक्याने मी गेले. आज ते वाक्य आठवलं की अंगाची लाही होते, कारण त्याने ते माझ्यासारख्या किती जणींना ऐकवलं असेल.

पास असा होता: म्युझियम, तारांगण, प्राणिसंग्रहालय, मुलांची गाडी, सगळं एकत्र. मोठ्यांना ४५० प्रमाणे तिघांचे १,३५०. मुलांना २५० प्रमाणे दोघांचे ५००. सासूबाईंसाठी बॅटरीवरची गाडी २५०. एकूण २,१००. पावतीवर बागेचं चित्र, गोल शिक्का, छापील क्रमांक. त्याने माझं नाव आणि मोबाईल नंबर लिहून घेतला, "गाडीवाला फोन करेल" म्हणून. नंबर मी दिला. पुढचं सगळं त्या नंबरावरच घडलं. तिकिटासाठी मोबाईल नंबर मागणाऱ्या रस्त्यावरच्या कुणालाही तो देऊ नका.

आता जो क्षण मला रात्री झोपू देत नाही, तो सांगते.

क्यूआर कोड त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला होता. मी फोन धरला तेव्हा तो कार्ड दोन बोटांनी ताणून उभा होता, आणि मला त्याची कड दिसली. कोडाचा कागद एक नव्हता. एकावर एक तीन-चार स्टिकर चिकटवलेले, पुठ्ठ्यासारखी जाडी आलेली. वरच्या स्टिकरचा कोपरा उचकटला होता, खाली जुन्या कोडाचे काळे चौकोन दिसत होते. मी ते पाहिलं. खातं गोठवलं जातं म्हणून कोड बदलावा लागतो, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी, एकाच ठिकाणी रोज तिकिटं विकणाऱ्याला इतक्या वेळा कोड का बदलावा लागला, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

आणि मी पिन टाकायच्या आधी मुलगा माझ्या कोपराखालून फोनमध्ये बघत म्हणाला, "आई, इथे मोबाईल शॉपी लिहिलंय."

तेरा वर्षांच्या पोराने वाचलं. पैसे कुणाला जाणार त्याचं नाव स्क्रीनवर येतं, ते नाव एका मोबाईलच्या दुकानाचं होतं. मी त्याला म्हटलं, "थांब रे, मध्ये मध्ये करू नकोस." पोरगं गप्प झालं आणि मी पिन टाकला.

मी बावळट नाही. पदवी घेतली आहे, अठरा वर्षं शिकवण्या घेते, घराचा सगळा हिशेब माझ्याकडे असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे दहावीच्या मुलांना मीच सांगते. पण डोक्यावर ऊन होतं, एक म्हातारं माणूस खांद्यावर टेकलेलं होतं, मुलगी पाणी मागत होती, आणि समोरचा माणूस आमच्या भाषेत आमचीच काळजी बोलून दाखवत होता. हे सबब म्हणून सांगत नाही. तुमच्यावर अशी वेळ येईल तेव्हा तुम्हीही असेच घाईत असाल, म्हणून सांगते.

पैसे गेले. त्याने स्वतःचा फोन बघितला, तोंड वाकडं केलं. "काकू, पेंडिंग दाखवतंय. परत करा, डबल गेलं तर आपोआप रिटर्न येतं." माझ्या फोनवर हिरवी खूण आली होती, खात्यातून पैसे कमी झाल्याचा मेसेजही आला होता. तरी मी दुसऱ्यांदा २,१०० भरले, मागे दुसरं कुटुंब उभं होतं म्हणून. ते कुटुंबही त्याचंच असावं असं आता वाटतं, पण खात्री नाही, म्हणून आरोप करत नाही. पहिलं पेमेंट झाल्यावर कुणी 'आलं नाही' म्हटलं तर तिथेच उभं राहून बँकेचं स्टेटमेंट उघडा. त्याचा फोन बघू नका, तुमचा बघा.

"गाडी पाच मिनिटांत" म्हणून तो फाटकातून आत गेला. आम्ही वीस मिनिटं वाट बघितली. मग आत शिरलो, कुणी अडवलं नाही, कारण बागेत शिरायला तिकीटच नाही. आत प्रत्येक गोष्टीचं तिकीट त्या त्या खिडकीवर मिळतं. एका पहारेकऱ्याला पास दाखवला, त्याने उलटा धरून बघितला आणि "ये अपना नहीं है" म्हणून परत दिला. सासूबाई फुलांच्या घड्याळाजवळ बाकावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मुलांना देवमासा दाखवायला हे एकटेच घेऊन गेले.

इथे थांबले असते तर ४,२०० वर भागलं असतं.

दुपारी एक चाळीसला आम्ही शेवउसळ खात होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला, बाईचा आवाज, हिंदीत. "मॅडम, आपका बाग का पेमेंट दो बार कटा है, रिफंड करना है." माझं नाव, २,१०० ची रक्कम, वेळ, सगळं बरोबर. रिफंड खात्यात जायच्या आधी खातं 'व्हेरिफाय' करावं लागेल, कोड पाठवते, ९,८५० दिसेल पण ते कापले जाणार नाहीत, दोन मिनिटांत ९,८५० अधिक २,१०० असे एकत्र परत येतील. गॅलरीतून तो कोड मी ॲपमध्ये उघडला तर व्यवहार अडला. पुढे जाईना.

ॲप मला थांबवत होतं! आणि तिने सांगितलं की कोड मिस्टरांच्या मोबाईलवर उघडा आणि तुमच्या मोबाईलने स्कॅन करा. मी ह्यांच्या हातातला घास थांबवून फोन मागितला. गेले ९,८५०. मग "एंट्री अडकली आहे, उलटवायला २४,९९९ ची नोंद करावी लागेल." आता मी घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस गेलेले पैसे सोडवायला आणखी पैसे देतो. २४,९९९ गेले. फोन बंद. दोन वाजून पाच मिनिटं.

आता ऐका, याच्यापुढचा राग वेगळा आहे.

शेवउसळवाल्याने जवळची चौकी दाखवली. रिक्षा करून गेलो, तिथे दोन पंचवीस. टेबलामागच्या माणसाने पहिला प्रश्न केला, "खातं कुठलं?" नाशिकचं म्हटल्यावर "मग तक्रार तिकडे करा." मी म्हटलं, फसवणूक इथे झाली, माणूस इथे उभा होता, वर्णन देते, पावतीपुस्तक अजून त्याच्या हातात असेल, कुणीतरी माझ्याबरोबर चला. "मॅडम, ऑनलाइन गेले ना? मग सायबर." बागेच्या दारापर्यंत यायला कुणी तयार नाही. अर्धा तास बाकावर. सासूबाई रिक्षात बसून. दोन पंचावन्नला मावसभावाचा फोन आला आणि तो ओरडला, "ताई, आधी १९३० लाव, तिथे कशाला बसलीस?"

हे नीट वाचा. पैसे गेल्याचं कळलं की उभ्या जागी १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावा. नंतर चौकी, नंतर रडणं, नंतर नवरा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उडत असतात, मधे सापडले तर गोठवता येतात. माझी तक्रार तीन वाजून दहा मिनिटांनी नोंदली गेली, म्हणजे एक तास पाच मिनिटं वाया. त्यातली सगळ्यात महागडी तीस मिनिटं त्या बाकावरची.

बँकेचं काय? चौथा शनिवार, शाखा बंद. सोमवारी बडोद्यातल्या शाखेत गेले तर "होम ब्रँचला जा." बुधवारी घरी परतून गेले तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" मग तेच अधिकाऱ्याने विचारलं, मग तेच लेखी आलं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेली रक्कम तक्रार होईपर्यंत ग्राहकाची जबाबदारी. ते मला मान्य आहे, मी भरते आहे ना ती किंमत. पण समोरचं खातं उघडताना कागद कुणी तपासले? मोबाईल शॉपीच्या नावावर बागेची तिकिटं विकली जातात, हे खातं कुणाचं? या प्रश्नावर तीन माणसांनी तीन वेळा मान खाली घातली. लेखी अर्ज देऊन पोच घ्या, शिक्का मारून. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी गेले आहे.

घराजवळच्या ठाण्यात ऐकलं, "घटना गुजरातची, तिकडे करा." बडोद्याने नाशिक दाखवलं, नाशिकने बडोदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी कलमाचा कागद छापून नेला तेव्हा कुठे अर्ज घेतला. एका बाईने स्वतःच्या चोरीची तक्रार द्यायला कायदा छापून न्यावा लागतो, हे मला ३९,०४९ रुपयांइतकंच लागलं आहे.

मावशीला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं, कमाटीबागेत शिरायला कधी पैसे लागलेत का? मला एक फोन करायचास." खरं आहे. ज्या गावात आपलं माणूस आहे तिथे एक फोन करा. नसेल तर आत जा, खिडकी शोधा, खिडकीवरच पैसे द्या. दाराबाहेर उभा असलेला कुणी कितीही आपल्या भाषेत बोलो, कितीही खरं बोलो. आणि पोरगं काही वाचून दाखवत असेल तर त्याला गप्प करू नका. मुलाची मी माफी मागितली, पण तो अजून माझ्या फोनकडे बघत नाही.

६,३०० रुपये एका खात्यात गोठवलेले सापडले आहेत. ते अजून हातात आलेले नाहीत. बाकी ३२,७४९ चा पत्ता नाही. पावतीपुस्तकातला तो पास मी पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आहे, तक्रार घेणाऱ्यांपैकी आजवर कुणीही तो हातात घेऊन बघितलेला नाही. त्याची झेरॉक्स मात्र तिसऱ्यांदा मागितली आहे. येत्या मंगळवारी घेऊन जायची आहे.