आरएक्स १३५ की एनएस २००? नागपुरात पहिली ड्रॅग बाईक बांधताना

ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीवरून सुटून सरळ रेषेत क्वार्टर माइल, म्हणजे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापायची शर्यत. एवढ्यासाठी पहिली बाईक बांधायची तर निवड बहुधा यामाहा आरएक्स १३५ आणि बजाज पल्सर एनएस २०० या दोन गाड्यांपाशी येऊन थांबते. आरएक्स हलकी, पण दर धावेला तिचं सेटिंग तपासावं लागतं. एनएस जड, पण तिची वेळ फारशी फिरत नाही. घरी इंजिन उघडायची सवय नसेल, तर पहिल्या हंगामासाठी आमचं मत एनएसला.

आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक, १३२ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिमी. गाडी शंभर किलोच्या आसपास. एनएस १९९.५ सीसी, ७२ बाय ४९ मिमी, सहा गिअर. २०१२ च्या पहिल्या मॉडेलचं वजन १४५ किलो, ताकद साडेतेवीस पीएस. मूळ आरएक्सची ताकद साधारण याच्या निम्मी. मात्र तिची ताकद वाढवायचं बरंचसं काम हिंगणा एमआयडीसीतला चांगला लेथवाला करू शकतो: पोर्ट (सिलिंडरमधल्या हवेच्या वाटा), हेड (सिलिंडरचं झाकण), एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा खास फुगीर सायलेन्सर). त्याला २८ मिमीच्या कार्ब्युरेटरची जोड द्यायची. हेड घासून उतरवताना स्क्विश, म्हणजे पिस्टन वर आल्यावर त्याच्या कडेची आणि हेडमधली फट, सोल्डरच्या तारेने मोजा, ०.९ ते १ मिमी ठीक.

एनएसमध्ये कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), व्हॉल्व्हच्या स्प्रिंग, पिस्टन, सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा बॉक्स) सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं. नुसता आरपीएम लिमिटर, म्हणजे इंजिनचे फेरे ठरावीक मर्यादेत रोखणारी सोय, काढला तर स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत परत बसवू शकत नाही आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतो.

आरएक्स मरते ती जास्तीच्या हवेने. क्रँकचं ऑइल सील थोडं जरी गळत असेल तरी मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून इंजिन बसवण्याआधी तोंडं बंद करून ६ पीएसआय हवा भरा; सहा मिनिटं काटा हलता कामा नये. ऑटोल्यूब पंप (इंजिनला आपोआप तेल देणारा) काढून ३०:१ प्रीमिक्स, म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळलेलं तेल, वापरणार असाल तर लिटरला ३३ मिली तेल. तेल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळच होतं. जास्त तेल घातलं की इंजिन वाचतं, हा समज इथेच घात करतो.

नागपूरची हवा या निवडीत फार महत्त्वाची. नवतपात ४५ अंशांवर हवा डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरचं मिश्रण त्यामुळे साधारण ५ टक्के घट्ट होतं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मे महिन्यात १५२.५ नंबरचा मेन जेट बरोबर बसला असेल, तर डिसेंबरच्या पहाटे १६० च्या आसपास जावं लागेल. जेट तोच ठेवला तर सीझ. उन्हाळ्यात आरएक्सच्या फिन (सिलिंडर हवेने थंड करणाऱ्या पात्या) थंड व्हायला दोन धावांमध्ये वेळही द्यावा लागतो. एनएस पाण्यावर थंड होते, आणि इंजेक्शनवाल्या मॉडेलचा ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) हवेचं तापमान पाहून पेट्रोल ठरवतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या एनएसला ही सोय नाही. रेडिएटरमध्ये मात्र कूलंटऐवजी डिस्टिल्ड पाणी भरा. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागून येणारा घसरतो.

चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, दोन्हींचा लांबवावा लागतो, नाहीतर क्लच सोडताच पुढचं चाक उचलतं. १५० मिमी पुरे. आरएक्सच्या ४२८ साखळीचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमी, आणि साखळी वरून-खालून दोन्हीकडे लांबते, म्हणून २४ कड्या वाढवा. लांब चिमट्यावर वेल्डिंगच्या कडेलाच तडा जातो. आतून स्लीव्ह (आधाराची नळी) घालून टिग वेल्डिंग करून घ्या आणि दर धावेनंतर ती जागा बघा. हाताला बांधायचा किल-स्विच (चालक पडला की इंजिन बंद करणारा) लावल्याशिवाय पहिली चाचणीसुद्धा नको.

अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना आणि कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला आड येतं. समृद्धी महामार्ग कितीही सरळ दिसो, ती चाचणीची जागा नाही. ट्रेलर आणि एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स खर्चात धरा. बोअर वाढवण्याआधी त्या वर्षीच्या नियमांतली सीसीची मर्यादा वाचा. १ मिमी ओव्हरसाइझ (मोठ्या) पिस्टनने आरएक्स १३६.७ सीसी होते आणि गट बदलू शकतो.

आरएक्सच घ्यायची ठरली, तर मूळ भागांची, सुस्थितीतली गाडी कापू नका. ती आता बनत नाही. टाकी आणि साइड पॅनल गेलेली, पण फ्रेम नंबर, इंजिन नंबर आणि आरसी जुळणारी गाडी शोधा. ड्रॅगला तेवढं पुरतं.