भारतीय राउंडेलचं व्हॉट-इफ गस्ती बॉम्बर: कॅटालिना घ्यावी की व्हेंचुरा?

व्हॉट-इफ म्हणजे असं प्लास्टिक मॉडेल, ज्यात खऱ्या विमानाला त्याने कधीच न वापरलेल्या देशाचे रंग आणि राउंडेल (पंखावरचं हवाईदलाचं गोल चिन्ह) देतात. इथे स्पर्धेत आहेत कॅटालिना ही पाण्यावर उतरणारी उडती बोट आणि व्हेंचुरा हे जमिनीवरून उडणारं बॉम्बर. लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बर मी मुद्दाम यादीबाहेर ठेवलंय, कारण ते आपल्याकडे खरंच होतं. ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर एचएएलने उडती केली आणि 6 नंबर स्क्वाड्रनने ती पुण्यातून समुद्रावरच्या गस्तीला वापरली, 1968 पर्यंत, मग त्यात व्हॉट-इफ काय राहिलं?

पण समजा ती दुरुस्त झालीच नसती तर? इथे कॅटालिना सरळ पुढे जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकनांच्या कॅटालिना ओव्हरहॉलसाठी बंगलोरच्या एचएएलमध्येच यायच्या, बेळ्ळंदूर तलावावर उतरायच्या, म्हणजे तिला हात लावलेले मेकॅनिक आपल्याकडे आधीच तयार. एप्रिल 1942 मध्ये सिलोनवर चालून येणारं जपानी आरमार बघून खबर दिली तीही कॅनेडियन वैमानिक बर्चलच्या कॅटालिनानेच. व्हेंचुराला असा आधार नाही, दक्षिण आफ्रिकेकडून सेकंडहँड आणली म्हणावं तर त्यांनी ती स्वतःच 1960 पर्यंत वापरली. माझ्या मते चांगल्या व्हॉट-इफमध्ये एकच गोष्ट खोटी असावी, बाकी सगळं खरं.

बनवायला मात्र व्हेंचुरा खूप सोपी, पहिलंच दोन इंजिनांचं किट असेल तर बिनधास्त तीच घ्या. 1/72 मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये) पंख जेमतेम 28 सेंमी, कॅटालिनाचे 44, त्यामुळे शेल्फ मोजूनच ऑर्डर करा. व्हेंचुराला शेपटीखाली चाक आहे म्हणून वजनाची भानगड नाही, कॅटालिनाच्या नाकात वजन भरलं नाही तर ती शेपटीवर बसते. आणि कॅटालिना घेताना 5ए च घ्या, साधी 5 नको, पुण्याच्या लोहगावच्या धावपट्टीवर उतरायचं तर चाकं हवीतच ना, आणि ती फक्त 5ए ला आहेत! कॅटालिनात खरी मेहनत पंखाची आणि ब्लिस्टरची, म्हणजे बाजूच्या फुगीर काचेच्या खिडक्यांची. पंख पायलनवर, म्हणजे धडावरच्या खांबावर, बसवला की समोरून डोळ्याच्या रेषेत बघून टेपने बांधा आणि रात्रभर हात लावू नका, स्ट्रट (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्या) नंतर. ब्लिस्टरवर रुंद टेप बसतच नाही, सुरकुत्या पडतात, 1 मिमीच्या पट्ट्या कापून फ्रेमच्या कडेकडेने लावायच्या आणि मधला भाग मास्किंग फ्लुइडने भरायचा.

रंगात पण फरक पडतो. 1950 नंतरचं राउंडेल बाहेर हिरवं, मध्ये पांढरं, आत केशरी. कॅटालिनाला कोस्टल कमांडच्या (ब्रिटिश हवाईदलाच्या सागरी गस्ती विभागाच्या) पांढऱ्या बाजू ठेवल्या की केशरी मस्त उठून दिसतं, व्हेंचुरा गडद निळी केलीत तर पातळ डेकलमधून (चिकटवायच्या छापील चिन्हातून) निळा वर येतो आणि केशरी मळकं दिसतं, म्हणून आधी खाली पांढरा गोल मारून घ्या, डेकलपेक्षा किंचित लहान.