कमी पाण्यावरचे तीन गुलाब: नॉक आऊट, बेलिंडाज ड्रीम आणि म्युटाबिलिस

रोपाच्या चिठ्ठीवर ‘पाण्याचा ताण सोसणारा’ असे छापलेले असते. मुळे खोल उतरेपर्यंत त्या शब्दांवर विसंबू नये. लावणीनंतरचा पहिला उन्हाळा कोणत्याही जातीला भरपूर पाण्यावरच काढू द्यावा लागतो. जातीजातींतला फरक दुसऱ्या वर्षी पाणी कमी केल्यावर दिसतो. पारखताना झाड जगते का आणि फुलते का, हे दोन्ही वेगवेगळे पाहावे. पुन्हापुन्हा फुलणाऱ्या गुलाबाला कळी येते ती नव्या फुटव्याच्या टोकाला. पाणी तुटले की फुटवे मोजके आणि आखूड निघतात, त्यामुळे झाड हिरवे असूनही फुले घटतात.

नॉक आऊट हा विल्यम रॅडलर यांनी तयार केलेला आणि २००० साली बाजारात आलेला झुडपी गुलाब. ताणात तो पाने फारशी टाकत नाही, पाकळ्या आपोआप गळतात, त्यामुळे सुकलेली फुले खुडत बसावे लागत नाही. काळ्या ठिपक्यांचा रोगही त्याला क्वचितच लागतो. मात्र सुगंध जवळजवळ नाही आणि फुलदाणीत ठेवण्याजोगे लांब देठही मिळत नाहीत. कुंपणाकडेला रंगाची रांग हवी असेल तर कमी पाण्यात याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.

बेलिंडाज ड्रीमची गोष्ट वेगळी. गणिताचे प्राध्यापक रॉबर्ट बेसी यांचा हा गुलाब १९८८ साली आला आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या विस्तार सेवेने चालवलेल्या ‘अर्थ-काइंड’ यादीतही, म्हणजे कमी निगेत टिकणाऱ्या गुलाबांच्या यादीतही, त्याला जागा मिळाली. फूल भरगच्च, गुलाबी, सुवासिक. ताण वाढला की फूल लहान होते, देठ आखूड राहतो, पण दोन बहरांत मोठा खंड पडला तरी झाड खचत नाही. कापायला फुले हवी असतील आणि थोडे जास्त पाणी देण्याची तयारी असेल, तर हाच घ्यावा.

म्युटाबिलिस हा जुना चिनी गुलाब. एकेरी फूल पिवळसर उमलते, मग गुलाबी आणि शेवटी किरमिजी होते. एकदा रुजला की कोरड्या उन्हाला दाद देत नाही. दोन मीटरच्या वर वाढतो, म्हणून लहान वाफ्यात लावू नये.

चिठ्ठीवर खुंटाचे, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधतात त्याचे, नाव असेल तर ते आधी वाचावे. डोळा भरलेले (कलमी) रोप मल्टिफ्लोराच्या खुंटावर असेल, तर चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तिथे डॉ. ह्युई हा खुंट बरा. वाळूसर जमिनीला फॉर्च्युनियाना हा खुंट, कारण त्याची मुळे दूरवर पसरतात.

पाणी टप्प्याटप्प्याने कमी करावे. मोठ्या झुडपाला कडक उन्हाळ्यात आठवड्याला सुमारे २० लिटर धरा: खोडापासून ३० सेंमीवर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, अडीच तास. तिथून १६ आणि मग १२ लिटरवर या, प्रत्येक टप्प्यावर तीन आठवडे थांबा. रोज थोडेथोडे पाणी ही सर्वांत नुकसानकारक सवय आहे. मुळे वरच्या थरातच राहतात आणि एका कडक दिवसात होरपळतात. ओल ४० सेंमीपर्यंत गेली पाहिजे. लोखंडी सळई सहज जिथवर शिरते, तिथवर ओल पोचली असे समजा. भारी जमिनीत पाळ्यांमधले अंतर वाढवा, वाळूत तेच पाणी दोन-तीन पाळ्यांत वाटा. वर ७-८ सेंमी आच्छादन हवेच, फक्त खोडापासून थोडे दूर.

दुपारी मान टाकलेली पाने पाहून लगेच पाणी सोडू नका. सकाळीही ती उभी राहिली नाहीत, तर मात्र तोच दिवस पाण्याचा. ताणाच्या काळात नत्रखत आणि जबर छाटणी टाळा. दोन्हींमुळे कोवळी पालवी फुटते आणि तिला लागणारे पाणी मुळांपाशी नसते. खाऱ्या पाण्याच्या ठिबकाने पानांच्या कडा करपू लागल्या, तर अधूनमधून एक पाळी भरपूर देऊन क्षार खाली उतरवा. कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड पानांच्या मागे वाढते. पहाटे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवावी.

हे सगळे जमिनीतल्या झाडांसाठी आहे. कुंडीत ओल साठायला जागाच नसल्याने यांतली एकही जात तिथे कमी पाण्यावर सोडू नये.