सोलापुरात प्रेशर वॉशर घेताना

आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही. म्हणून दुकानात बारचा आकडा, म्हणजे मशीन किती दाबाने पाणी मारतं ते, मी नंतर बघितला. मशीन टाकीतून, बादलीतून स्वतः पाणी ओढतं का, हे आधी विचारलं. आमचं १५०० वॅटचं मशीन मिनिटाला साधारण ६ लिटर पाणी घेतं, नुसत्या पाइपपेक्षा बरंच कमी. अंगणातल्या शहाबादी फरशीवरचं शेवाळ असं निघालं की आईने हात फिरवून बघितला! फरशीच्या सांध्यांवर आणि टायरवर मात्र बारीक धार जवळून मारू नका. बोअरचं पाणी असेल तर फिल्टर लावाच, गाळाने पंप खराब होतो. बंद केल्यावर ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडायचा. आवाज मोठा आहे, दुपारी शेजारी झोपलेले असतात, तेव्हा नको.