पार्टीच्या ऑर्डरी घेणारं ॲप, सहा महिने वापरून

घरगुती पार्ट्या घेऊन मेकअपचं सामान विकते मी, कंपनीचं नाव राहू दे. त्यांचं ऑर्डरचं ॲप, पाचपैकी तीन स्टार.

ऑर्डर भरणं एकदम सोपं, पाहुण्यांच्या हातात फोन दिला की जिची तिची ऑर्डर वेगळी पडते आणि होस्टला किती रुपयांचं गिफ्ट लागू झालं ते तिथल्या तिथे दिसतं, त्यामुळे ती पण खूश. खरी बोंब पार्टी क्लोज केल्यावर, म्हणजे सगळ्या ऑर्डरी कंपनीला पाठवून दिल्या की. मग काहीच बदलता येत नाही. मागे एकीला विटकरी शेडची लिपस्टिक हवी होती, मी घाईत खालची ओळ दाबली, आला भडक गुलाबी, तो अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलाय. आणि एखादी वस्तू स्टॉकमध्ये नसेल तर ॲप गप्प, खोकं फोडल्यावर आतल्या चिठ्ठीवर कळतं, तोवर आपण पैसे घेऊन बसलेलो, मग फोन करून सॉरी म्हणायचं कोणी तर मी!

टपरवेअरने १९५१ मध्ये दुकानातला माल काढून फक्त घरगुती पार्ट्यांवर धंदा नेला, तेव्हा कुठे होती ॲपं, सगळं कागदावरच की. मी पण कार्बनवाली वही सोडलेली नाही, एक कॉपी गिऱ्हाइकाला, दुसरी मला, माल वाटताना पावती पिशवीला स्टेपल. क्लोज करायच्या आधी वहीशी एकेक ओळ ताडून बघते, अर्धा तास जातो पण गुलाबी परत आला नाही.