एकट्याने डोलकाठी उभी करायची: हातांनी, जिन पोलने की ए-फ्रेमने?

'डोलकाठी' हा शब्द ज्याने काढला, त्याने ती एकदा तरी एकट्याने उभी केली असणार. टेकूवरून उचलली की ती आधी डोलायला लागते. काठी होते ती नंतर.

मी बोलतोय ते ट्रेलरवरून न्यायच्या 20-22 फुटी शिडाच्या बोटींबद्दल. आमची जुनी कॅटलिना 22 कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम तलावावर जाते. या मॉडेलच्या 15,000 हून जास्त बोटी बनल्या, त्यामुळे आमची अडचण बऱ्याच जणांची आहे: काठी सुमारे 25 फूट, बुडाशी बिजागरी, आणि मदतीला कोणी नाही. तुमची बोट लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, असेल तर पुढचं वाचू नका. तिच्या काठीला पुढून-बाजूंनी ताणून धरणाऱ्या ताराच नसतात. दोन तुकडे जोडायचे, शीड मोज्यासारखं चढवायचं आणि भोकात उभी करायची.

हातांनी उभी करणं फुकट आणि सर्वांत झटपट. काठी मागच्या टेकूवर आडवी असते. तुम्ही मागे उभं राहून ती डोक्यावर घेता आणि ढकलत पुढे चालत येता. हिशेबापुरती काठी 20 किलोची धरू. बिजागरीपासून तीन मीटरवर उचललीत, तर सुरुवातीला हातांवर साधारण 25 किलो येतात. तब्येत बरी असेल तर जमतं. घोळ होतो तो नंतर. काठी उभी झाली, तुम्ही तिला मिठी मारून उभे आहात आणि पुढच्या तारेची पिन आठ फुटांवर, बोटीच्या नाकापाशी. आता सोडायचं काय?

यावर उपाय सोपा आहे. उचलण्याआधीच जिबचं हॅलयार्ड, म्हणजे पुढचं शीड वर चढवायची दोरी, नाकापाशी अडकवून ठेवा. काठी उभी झाली की एका हाताने दोरी ताणून काठीवरच्याच क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंटीला) बांधा आणि मग निवांत पिन लावायला जा. पण अर्ध्यावर पाय घसरला किंवा शेजारून मोटरबोट लाट उडवत गेली, तर थांबायची सोय हातांच्या पद्धतीत नाही. मी निवड करताना हाच प्रश्न आधी विचारतो: मधेच हात सोडता येतो का?

इथे कोणालाही सुचतं की तेच हॅलयार्ड नाकाकडून ओढून काठी वर घ्यावी. करू नका. काठी आडवी असताना दोरी तिला जवळजवळ समांतर जाते, त्यामुळे उचलण्याऐवजी ती काठीला बुडाकडे दाबत राहते. आमच्या मापांवर काठी आडवीपासून पंधरा अंश वर आलेली असताना दोरीवर 150 किलोंचा ताण येतो. बिजागरीपाशी सहा फुटी पाइप पुढे उभा करून दोरी त्याच्या टोकावरून नेली, की तोच ताण 50 वर उतरतो. हाच जिन पोल. पाइपचं टोक आणि नाक यांच्यामध्ये मेनशीटच्या (मोठं शीड आवरायच्या दोरीच्या) चौपदरी कप्प्या लावल्या, तर हातात बारा-तेरा किलो येतात. कप्प्यांचं घर्षण वेगळं. शिवाय मेनशीटच्या कॅम क्लीटमध्ये, म्हणजे दातेरी चिमट्यात, दोरी आपोआप अडकते. हात सोडा, चहा प्या, काठी आहे तिथेच राहते.

पण जिन पोलची खरी मेहनत बाजूच्या दोऱ्यांत आहे. कॅटलिनाच्या बाजूच्या तारा डेकवर जिथे अडकतात ती जागा बिजागरीच्या खाली आहे, त्यामुळे काठी आडवी असताना त्या सैल पडतात आणि काठी एका बाजूला झुकली की बिजागरी पिळवटते. म्हणून काठीवर साडेचार-पाच फुटांवरून दोन्हीकडे एकेक जादा दोरी हवी, आणि तिचं खालचं टोक बिजागरीच्याच रेषेत धरलेल्या कडीत हवं. रेषा चुकली, तर दोरी अर्ध्यात सैल तरी पडते नाहीतर तुटेस्तोवर ताणली जाते. पाइपलाही अशाच दोऱ्या लागतात. ही सगळी जुळवणी एकदाच करायची, पण त्या एकदाला माझा अख्खा शनिवार गेला.

ए-फ्रेम म्हणजे दोन पाइप, पाय डेकच्या दोन्ही कडांना, टोकं वर जोडलेली. ती स्वतः बाजूला कलंडत नाही, त्यामुळे पाइपच्या दोऱ्यांची कटकट संपते. काठीचा डोल कमी होतो, पण पूर्ण जात नाही. बाकी ओढणं तेच. अडचण सामानाची: दोन लांब पाइप गाडीत कुठे ठेवणार? आणि पायांखाली जाड रबर ठेवलं नाहीत तर डेकवर ओरखडे ठरलेले.

पद्धत कुठलीही घ्या, बाजूच्या तारांच्या बुडाशी असलेल्या टर्नबकलकडे, म्हणजे तार ताणायच्या आट्यांच्या जोडाकडे, बघत राहा. सैल तार आडवी पडते, टर्नबकल तिरका अडकतो आणि काठी वर जाताना त्याचा आट्यांचा दांडा वाकतो. पहिल्याच वर्षी कप्पी जड लागली, तर मी आणखी जोर लावला. वाकलेला दांडा अजून खणात आहे. ओढणं अचानक जड झालं की थांबून तारा बघायच्या, आणि थांबता येतं ते कप्पी असली तरच. वर विजेच्या तारा नाहीत ना, हेही काठी उचलण्याआधीच बघायचं. अॅल्युमिनियमची काठी वीज वाहून नेते.

वर्षातून दोनदाच बोट पाण्यात टाकत असाल, तर मित्राला जेवू घाला आणि हातांनी उचला. पैसे खर्च करू नका. दर शनिवारी जात असाल तर जिन पोल, तोही घरीच बनवलेला. वाटेतल्या पुलाखालून जायला पाण्यावरच काठी पाडावी लागत असेल, तर मात्र मी ए-फ्रेम घेईन, कारण हलत्या बोटीवर दोऱ्या कमी असलेल्या बऱ्या.