वेगळा वर्ग की फिरती पेटी, तेलखडू की पोस्टर कलर: नवीन चित्रकला शिक्षकांसाठी

नवीन जॉइन झालेल्या चित्रकला शिक्षकांचा पहिला प्रश्न रंगांचाच असतो, कोणत्या कंपनीचे घेऊ, किती शेडचे घेऊ वगैरे. पण पहिली ते चौथीला शिकवणार असाल तर आधी दोनच गोष्टी बघा, पाणी कुठून येणार आणि तास किती मिनिटांचा. आपल्याकडे जळगाव-धुळे साइडला बऱ्याच गावांत नळ चार-पाच दिवसांआड येतो, शाळेची टाकी भरली तर भरली, आणि तास धरा 35 मिनिटांचा. त्यात सामान वाटायला पाच, आवरायला दहा, हातात उरली वीस मिनिटं. ही वीस मिनिटं ज्या मांडणीत वाचतील ती मांडणी चांगली, बाकी दिसायला कितीही भारी असो. खालची सगळी तुलना मी याच हिशोबाने केलीय.

आधी जागा. वेगळी खोली मिळत असेल तर घ्यायची की नाही, यावर लोक म्हणतील हा काय प्रश्न झाला, घ्यायचीच. पण थांबा. खोली कोणती मिळतेय ते बघा, कारण चित्रकलेला सहसा जी खोली कोणालाच नको तीच देतात, म्हणजे वरच्या मजल्यावरची पत्र्याची, जिथे मार्चपासूनच भट्टी पेटलेली असते. एप्रिलमधे पारा 43-44 वर गेला की पत्र्याखालच्या कपाटात मेणखडू वाकतात, तेलखडू एकमेकांना चिकटतात, आणि पोस्टर कलर झाकणात काढून ठेवला तर मुलं ब्रश शोधेपर्यंत त्याला साय येते. शिवाय पहिलीची 45 मुलं रांगेने जिना चढून आणायची आणि परत सोडायची यात सहज सात-आठ मिनिटं जातात. वीसातली आठ गेली की राहिलं काय.

त्यापेक्षा फिरती पेटी, म्हणजे तुम्हीच सामान घेऊन वर्गावर जायचं, ही पद्धत लहान मुलांसाठी बऱ्याचदा बरी पडते. मुलं जागेवरच असतात, तुम्ही दारात आलात की तास सुरू. तोटा एकच पण मोठा, ओली चित्रं ठेवायची कुठे? पुढच्या तासाला गणिताच्या मॅडम येतात आणि त्यांना बाकांवर ओले कागद बिलकुल चालत नाहीत, त्यात त्यांचं काही चुकत पण नाही. म्हणून फिरती पेटी असेल तर कोरडं माध्यम, आणि खोली असेल तरच ओलं, हा सरळ नियम ठेवा. तळमजल्यावरची खोली मिळाली, नळ किंवा निदान मोरी जवळ असली, तर मात्र डोळे झाकून हो म्हणा आणि पहिल्याच आठवड्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन दोऱ्या बांधून कपड्यांचे चिमटे लावून टाका. चित्रं वाळतात पण तिथेच आणि प्रदर्शन पण तेच, वेगळा डिस्प्ले बोर्ड मागायची गरज नाही.

(आणि हो, खोली मिळाली की स्नेहसंमेलनाचं डेकोरेशन, दर्शनी फळ्यावरचे सुविचार, 26 जानेवारीची रांगोळी, हे सगळं तुमच्याच खोलीत येऊन पडणार. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितलाय तो सहावी ते आठवीला, ते पण पट 100 च्या वर असेल तर. त्यामुळे प्राथमिकला वेगळा चित्रकला शिक्षक बहुतेक खाजगी संस्थेतच, मानधनावर, आणि मानधनवाल्याला नाही म्हणता येत नाही.)

बाक की सतरंजी? सतरंजी नको, धूळ बसते आणि रंग सांडला की धुवायला पाणी लागतं, तेच तर नाहीये. जळगावची प्लास्टिकची चटई घ्या, ओल्या फडक्याने पुसली की झालं. बाकावर तिघं बसली की कोपराला कोपर लागतं आणि मग रडारड, खाली बसून मांडीवर परीक्षेचं पॅड घेतलेलं मूल जास्त मोकळा हात चालवतं. चौथीची मुलं मात्र खाली बसायला कुरकुर करतात, त्यांना राहू द्या बाकावर.

आता रंग. मेणखडू सगळ्यात स्वस्त, पाणी नको, कपडे खराब होत नाहीत, पण रंग फिका उतरतो आणि मूल जोर लावून लावून थकतं. तेलखडू महाग पडतो, लवकर संपतो, हाताला लागतो, तरी पहिली-दुसरीला मी तेलखडूच सांगेन कारण हलका हात फिरवला तरी रंग कागदावर दणदणीत बसतो आणि मुलाला लगेच मजा येते. प्रत्येकाला 25 शेडची पेटी आणायला लावू नका, कोणाची नवी कोणाची तुटकी यावरूनच भांडणं होतात. शाळेच्या खर्चाने घेऊन रंगाप्रमाणे डबे करा, लालचा डबा, निळ्याचा डबा, चार मुलांत एक एक फिरतो, तुकडे पण त्यातच टाका.

पोस्टर कलर तिसरीपासून, आणि तो पण बारक्या बाटल्यांचे सेट न घेता 500 मिलीच्या मोठ्या बाटल्या, फक्त लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. हिरवा-केशरी मुलं स्वतः बनवतात, खरं शिक्षण तिथेच होतं. पाण्याचं असं करा, दोन झाकणाच्या बादल्या ठेवा, पहिलीत ब्रश खळखळून धुवायचा, दुसरीत फक्त बुडवायचा, मग जुन्या पेपरवर पुसायचा. दुसरी बादली बराच वेळ स्वच्छ राहते, आणि पुढच्या वर्गाला तीच पहिली बादली करायची. अर्ध्या-अर्ध्या बादलीत दोन तास निघतात. प्रत्येक मुलाला वेगळा पाण्याचा ग्लास दिलात तर पाच मिनिटांत "मॅडम, मना रंग सांडाई गया" सुरू, मग तुम्ही फडकं घेऊन वर्गभर. आणि ब्रश ग्लासात केसांवर उभा ठेवू देऊ नका, केस एकदा वाकले की तो ब्रश गेला, आडवाच ठेवायचा.

विकतचे नको, नैसर्गिक रंग वापरू असं पण काही जण म्हणतात. गेरू, पिवळी माती, काजळी चालेल, त्यात बाभळीचा डिंक भिजवून टाकला की कागदावर टिकतो नाहीतर वाळल्यावर हाताला येतो. अजिंठ्याच्या भिंतींवर लाल-पिवळा दिसतो तो पण मातीचाच, आणि अजिंठा आपल्या जळगावपासून साठेक किलोमीटरवर, सहलीआधी हा तास घेतला तर मुलं तिथे भिंत वेगळ्या नजरेने बघतात. पण रोजचा रंग म्हणून नाही जमत, घोटायला वेळ फार जातो. पांढऱ्यासाठी चुना तर अजिबातच नको, डोळ्यात गेला तर इजा करतो.

रावेर-यावलकडे असाल तर केळीच्या पानाचा देठ आडवा कापून ठसे घ्या, आतल्या हवेच्या कप्प्यांची जाळी इतकी सुंदर उमटते की विकतचे ठसे फिके पडतात, आणि फुकट. भेंडीपेक्षा मोठा असल्याने लहान हातात पण नीट बसतो. फक्त केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून निघत नाही हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं, शहरातल्या पालकांना नसतं, म्हणून देठ घरी कापून, पुसून, पेपरवर ठेवून चीक निथळू द्या आणि मग वर्गात न्या. मातीकामाला शाडू विकत आणावी लागते, काळी माती फुकट पण वाळली की तडकते, पोळ्याच्या बैलाचा पाय दुसऱ्या दिवशी गळून पडतो. त्यात थोडा कापूस पिंजून मळला तर बराच फरक पडतो, आणि कापूस मागायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

कागदाचं पटकन सांगते. झेरॉक्सचा 75 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन 75 ग्रॅम) कागद खडूला ठीक, ओल्या रंगाला नाही, गोळा होतो. ओल्यासाठी 120 च्या पुढचा घ्या. ड्रॉइंग बुक नीटनेटकी दिसते, पालकांना आवडते, पण एका मुलाने मागचं पान रंगवलं की पुढचं पण गेलं. सुटी, न बांधलेली शीट बरी, 22 बाय 30 इंचाच्या एका फुल शीटचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात, म्हणजे 48 मुलांना सहा शीट. गठ्ठा फरशीवर ठेवू नका, वाळवी लागते.

थोडक्यात पाणी आणि तळमजला दोन्ही असतील तर खोली आणि पोस्टर कलर, नसतील तर फिरती पेटी आणि तेलखडू, आणि ठसे-मातीकाम महिन्यातून एकदा व्हरांड्यात किंवा झाडाखाली, सकाळची शाळा असेल तेव्हा. सामानाची यादी ऑफिसला देताना बादल्या, चटया, दोरी, चिमटे सगळ्यात वर लिहा आणि रंग सगळ्यात खाली, कारण ऑफिसवाले यादी खालून कापत येतात आणि रंगाशिवाय चित्रकला होत नाही एवढं त्यांना पण कळतं, बादलीचं मात्र कळत नाही.